पेट्रोलचा वास गेला त्याची गोष्ट

रविवार, संध्याकाळ. सानपाडा.

गाडीचा कॅनिस्टर आज मीच बदलला. टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा हा कोळशाचा डबा फुटला होता, त्यामुळे दोन महिने गाडीत पेट्रोलचा वास भरायचा. तुर्भ्याहून नवा डबा आणला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपून बसवला, नळ्यांना क्लिपा लावल्या. शेवटी एक क्लिप उरली. कुठली, देव जाणे. गुपचूप खिशात टाकली.

मग ऐटीत बायकोला, मनीषाला, गाडीत बसवलं. तिने काचा बंद केल्या आणि लांब श्वास घेतला.

"पेट्रोलचा गेला खरा. पण हा सुकटीचा वास कधीपासनं येतोय?"

"नव्या नळीचा असेल," मी म्हटलं.

"नळी मासळी बाजारातून आणलीस का?"

तिच्या गाडीतून सुकट आणणार नाही, असं मी तिला शपथेवर सांगितलं होतं. पण डबा फुटल्यापासून आईकडची सुकट बिनधास्त डिकीतून येत होती. पेट्रोल सगळं झाकत होतं. आणि मी मूर्ख, माझ्याच हाताने ते दुरुस्त केलं.

जुना डबा अजून भंगारात दिलेला नाही. एक क्लिपही आहेच.