लाल दोऱ्याचा डबा

नवी दिल्ली, मंगळवार

सौ. कौसल्या, पवनारला सगळे बरे असतील असं धरून लिहितो.

आधी आनंदाची गोष्ट. आपल्या नरेशनं आज खासदारसाहेबांविरुद्ध साक्ष दिली! साहेब परदेशी कंपनीकडून महागडी घड्याळं घेऊन संसदेत तिच्या सोयीचे प्रश्न विचारत होते. त्या घड्याळांची खोकी गाडीतून साहेबांच्या बंगल्यात नेणारा ड्रायव्हर नरेशच.

मीच त्याला अडवत होतो. म्हटलं, "साहेबानं आपली गोरसपाकाची बिस्किटं खाल्ली, तुले परमनंट करतो म्हटलं. त्याच्याविरुद्ध काऊन बोलतं बाप्पा?"

पण काल बंगल्याची झडती झाली. खोक्यांच्या ढिगातून आपण साहेबांना दिलेला गोरसपाकाचा डबा निघाला. खोकी सगळी फोडलेली आणि आपल्या डब्यावर तू शिवलेलं फडकं तसंच, लाल दोऱ्याचा एक टाकाही उसवलेला नाही!

नरेश म्हणाला, "बाबा, आता बोलू?"

"बोल," म्हटलं.

नोकरी गेली. तू दाराला आतून कडी लावत जा. गाय व्याली का?

अधिकाऱ्यानं डबा परत दिला. साक्षीनंतर आम्ही दोघांनी तो फोडला, गोरसपाक अजून खुसखुशीत आहे.

हे पत्र कोणाला दाखवू नको. नाही, दाखवच.

गणपत