खुर्ची रिकामी का होती

उतुआदो, पोर्तो रिको

ओकेंदो साहेब,

आज दुपारी तुम्ही शाळा तपासायला आलात, माझ्या खोलीत डोकावलात आणि हसून म्हणालात, "समुपदेशकबाई, एकही मूल नाही? मग सोमवारी इथे कपाटं ठेवू." तेव्हा तुम्ही माझ्या टेबलासमोरच्या रिकाम्या छोट्या खुर्चीकडे बोट दाखवत होतात.

त्या छोट्या खुर्चीत महिनाभर दुसरीतली नारयेलिस बसायची. तिची आई कामासाठी ऑर्लँडोला गेली आणि मुलं तिला चिडवू लागली, "आता तुझी आई परत येतेय कसली!" तेव्हापासून ती जेवणाचं ताट घेऊन माझ्याकडे यायची आणि राजमा-भात नुसता चिवडायची. आज मात्र दारातूनच ओरडली, "मिसी, मी आज मैत्रिणींबरोबर जेवणार! तुम्ही एकट्या जेवाल ना? रडायचं नाही हं!" आणि धूम पळाली. मागोमाग तुम्ही आलात.

साहेब, ती खुर्ची रिकामी दिसली की समजावं, माझं काम झालं. पण मुलांचं इथलं बोलणं इथेच राहतं, म्हणून हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाही.

सोमवारी कपाटं खुशाल आणा. त्या खुर्चीत मी बसलेली असेन. कितीही समजावलंत तरी उठणार नाही; समजूत घालण्याचा धंदा माझा आहे, तुमचा नाही.

जागा न सोडणारी,
मिग्दालिया फेलिसियानो