यंदा साखर नाही

आश्विन वद्य २, शके १८२९

बेसनाचे लाडू बसले! संध्याकाळी वळून परातीत ठेवले, आता बघते तर भाकऱ्या झाल्यात. जुना गूळ, पावसाळाभर पाघळलेला. त्याचा काय दोष? नवा अजून गुऱ्हाळातून उतरायचा आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या सभेत ह्यांनी हात वर करून शपथ घेतली – परदेशी साखर आमच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. हाडांच्या कोळशानं धुतात ती, म्हणून. किळस मलाही आली ऐकून, खोटं कशाला बोलू. टाळ्या खूप झाल्या म्हणे. पण शपथ घ्यायची ह्यांनी आणि पाळायची मी! त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी गूळ किसायला आलं नाही.

आणि यंदाच कालिंदीचा पहिला दिवाळसण.

आश्विन वद्य ४

मिरजेहून विहीणबाईंचा निरोप आला. दिवाळीला काली आठ दिवस आधी येईल. मागून त्या स्वतः जावयांना घेऊन येतील आणि भाऊबीजेनंतर तिला परत नेतील. मी संक्रांतीपर्यंत ठेवा म्हणून विनवलं होतं. त्यावर उत्तर – "आधी फराळ बघू, मग बोलू."

वैशाखातलं रुखवत अजून विसरल्या नाहीत. "लाडू आहेत की कोळसे?" असं भर मांडवात म्हणाल्या होत्या. त्या रागापायी पोरीला ना नागपंचमीला धाडलं, ना गौरीला. सहा महिने झाले मी तिच्या डोक्याला तेल लावलेलं नाही.

म्हणजे आता सगळं फराळावर.

आश्विन वद्य ५

शंकरपाळे जळले. गुळाचे लाल कधी होतात आणि काळे कधी, कळतच नाही.

आश्विन वद्य ७

काली आली!

किती वाळलीय. चौदा वर्षांची पोर, हात बघावेत तर माझ्या हातांसारखे. जेवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती थेट दिवेलागणीला उठली.  मग तीच म्हणाली, "तिथं पहाटे चारला उठायचं असतं. पाणी मी भरते." एवढंच.

"खोबरं किसू का गं, गूळ किसू का?" करत स्वयंपाकघरात आली. मी म्हटलं, बस तिकडं ओटीवर. दिवाळी होईपर्यंत चुलीकडे फिरकायचं नाही. वन्सं म्हणाल्या, "लाडावून ठेवू नकोस. त्रास तिलाच होईल." होऊ दे. चार दिवस तरी माझी आहे.

आश्विन वद्य ८

आज गूळवाला हुसेन बैलगाडी घेऊन दारात. "बाई, नवा गूळ हाय. कळंब्याच्या अंगाला पयलं गुऱ्हाळ लागलंय. भेंडीच्या रसानं मळी काढलीया. बघा की, सोन्यावाणी हाय!" ढेप फोडली. खरंच पिवळीधमक, दाणेदार. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हुसेन बावरला. म्हणाला, "बाई, वाईट हाय व्हय?"

नाही रे बाबा. आता होईल म्हटलं काहीतरी.

आश्विन वद्य ९

बासुंदी नासली. उकळत्या दुधात गूळ टाकला – घाई! सकाळी चिमणाबाई दूध घालायला आली, तिच्यावर उगाच खेकसले. ती काय ऐकून घेते? "दूध माझं ताजं हाय. गुळानं फाटलं, तर मला कशापायी बोलतासा? न्हाय पटत तर दुसरी बघा की!" तांब्या आपटून गेली. उद्या हातापाया पडावं लागणार. पाडव्याला हे म्हणतात बासुंदीच हवी. ह्यांचं काय जातंय!

शेजारच्या बयाबाई पदराखाली शेरभर साखर घेऊन आल्या होत्या. पांढरीशुभ्र. "घ्या हो, पुरुषांना काय कळतंय?" वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मला मोह झाला. फार झाला. पण त्याच फराळाचा नैवेद्य दाखवायचा देवाला. परत पाठवली.

पाठ धरलीय. आता लिहवत नाही.

आश्विन वद्य ११

अनारसे हसले नाहीत! पीठ नवीन गुळात मळून ठेवलं होतं. भीत भीत पहिला तुपात सोडला – जागच्या जागी राहिला, जाळी पडली, खसखस सुटली नाही. वन्संनी देवाला हात जोडले. करंज्याही फुटल्या नाहीत. लाडू गूळ गार बेसनात मिसळून वळले, ते ताठ उभे आहेत परातीत.

काली ओटीवर सागरगोटे खेळत होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोठा ऐकला.

आश्विन वद्य १३

पाहुणे आले. विहीणबाईंनी आल्या आल्या फराळाच्या डब्यांवर नजर टाकली. 

कार्तिक शुद्ध १, पाडवा

जिंकले!

बासुंदी दूध कोमट करून मग गूळ घातला, साधली. विहीणबाईंनी दोनदा वाटी पुढे केली. अनारसे तीन खाल्ले. चौथा उजेडात धरून जाळी बघितली. "साखर नाही म्हणता यात? कुणी केलं हे?"

आता मुलीच्या सासूपुढे कोण आई म्हणेल की मी केलं? आमच्या आईनंही माझ्या दिवाळसणाला हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, "सगळं कालीनंच हो. आम्ही दोघी नुसत्या बसून होतो." वन्संनीही मान डोलवली. काली मान खाली घालून लाजली, तेही बरंच झालं. विहीणबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. इतक्या मायेनं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नसेल.

आता संक्रांतीपर्यंत ठेवायला नाही म्हणायच्या नाहीत. थकले आहे, हाडन् हाड दुखतंय, पण आज बरं वाटतंय. उद्यापासून रोज तिला न्हाऊ घालीन.

कार्तिक शुद्ध २, भाऊबीज

काली गेली.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याही मुलांनी साखर सोडलीय, विहीणबाई. घरात माणसं वीस, मार्गशीर्षात दोन लग्नं. मी आचारी बघत होते! आता अशी सुगरण घरात असताना इथं कशाला ठेवू?" मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? खोटं बोलले म्हणून? पोरीची लाज गेली असती. ह्यांची छाती केवढी फुगली होती.

टांग्यात चढताना कालीनं माझा हात घट्ट धरला. कानाशी येऊन विचारलं, "आई, पाक झालेला कसा ओळखायचा गं?"

सांगायच्या आत टांगा हलला.