सात नंबरचा लिव्हर

मंगळवार, ता. १४
सकाळी, घरून

प्रिय बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट हातात धरून तसाच दारात उभा राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, "आत तरी या, पोस्टमन केव्हाच गेला." आम्ही बरे आहोत. तिचे गुडघे कुरकुरतात, माझे कान गेले. तीस वर्षं गाड्यांचा खडखडाट ऐकल्यावर दुसरं काय होणार?

तू आपल्या स्टेशनची प्रतिकृती करतोयस, खऱ्या एका मीटरला साडेअकरा मिलिमीटर धरून, हे वाचून हसू आलं. लहानपणी काड्यापेट्या जोडून मालगाडी करायचास. साठीला टेकलास तरी खोड काही गेली नाही. तर आता तुझे प्रश्न.

सिग्नल केबिनचा जिना बाहेरून, अकरा पायऱ्यांचा. लिव्हर चोवीस. सिग्नलचे लाल, रूळ बदलणारे काळे, कुलपांचे निळे आणि बिनकामाचे पांढरे. मुठींना रंग फासू नकोस, त्या चकचकीत पोलादाच्या होत्या. उघड्या हाताने त्या कुणी धरत नसे, घामाने गंज चढतो. केबिनमध्ये माणूस उभा करणार असशील तर त्याच्या हातात फडकं दे. सिग्नलची तार रुळांच्या डाव्या अंगाने, कप्प्यांवरून जाते. उन्हात ती सैल पडायची आणि सिग्नलचा हात अर्धाच उतरायचा. मग ताणून घ्यावी लागे.

एक वस्तू तू विचारलीच नाहीस. लोखंडी कडं. लाइनीवर डबे उभे असले की तिच्या सिग्नलच्या लिव्हरवर ते चढवायचं. मग तो लिव्हर ओढता येत नाही. माणूस विसरला तरी कडं विसरत नाही, असं मला शिकवणारे म्हातारे केबिनमन म्हणायचे.

इथपर्यंत भराभर लिहिलं. पुढे हात चालत नाही. पण लिहितो.

त्या दुपारी वारा सुटला होता. गाड्यांच्या रजिस्टरची पानं फडफडत होती, म्हणून मी ते कडं रजिस्टरवर ठेवलं. वजन म्हणून. दोन नंबरच्या लाइनीवर मालगाडीचे नऊ डबे उभे होते, आणि ते मीच तिथे घेतले होते. मागच्या स्टेशनवरून तुझ्या गाडीची घंटा आली. मी सवयीने त्याच लाइनीच्या सिग्नलचा लिव्हर, सात नंबर, ओढला.

सिग्नल उतरलेला होता, बारक्या, तुला वाट मोकळी दिली होती. तू लाल मोडून आला नाहीस. तुझं इंजिन आत शिरल्यावर मला ते डबे दिसले आणि मी लिव्हर मागे टाकला. तुला थांबवायला नव्हे, त्याला उशीर झाला होता. स्वतःला वाचवायला. धडकेच्या आवाजाने सगळे धावत आले तेव्हा सिग्नल लाल होता आणि कडं लिव्हरवर होतं. तुझ्यासोबत इंजिनात असलेल्या ज्या एकाने खरं पाहिलं होतं, तो पोरगेला सहायक जागीच गेला. चौकशीत तू जीव तोडून सांगत होतास आणि मी मान खाली घालून म्हणत होतो, "साहेब, सिग्नल लालच होता." तुझी नोकरी गेली. माझ्या निरोपाच्या दिवशी मला हार घातला, निष्कलंक सेवेबद्दल. तो हार गळ्यात असताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

हे सगळं जसंच्या तसं लिहून, सही करून, काल रेल्वेच्या कचेरीत रजिस्टर पोस्टाने पाठवलं. नक्कल सोबत आहे. त्या सहायकाच्या आईकडेही मी जाऊन येणार आहे. तुझ्या वहिनीला रात्री जेवताना सांगितलं. ती पानावरून उठली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, आई तुझ्यावर रागावूनच गेली. नाही रे. ती म्हणायची, "तो लहानपणी मार खायचा, पण खोटं बोलायचा नाही. त्याला बोलवून घे." दोनदा म्हणाली. तू आलास तर ती तुझ्याच तोंडून सगळं ऐकेल आणि मग माझ्याकडे बघेल, या भीतीने मी तुला कळवलंच नाही. तिला मात्र सांगितलं, तो यायला तयार नाही.

ती शेवटचे चार दिवस दाराकडे तोंड करून झोपायची.

आईचा थोरला