वृंदाच्या श्वासावर

४ फेब्रु.
थायरॉइडच्या ऑपरेशनचे टाके सुकले. वृंदाचा आवाज मात्र आलेला नाही. डॉ. म्हणाले, स्वरतंतूची नस दुखावलीय, येईल, नाहीतर... पुढचं गिळलं त्यांनी. शांती नगरपर्यंत रिक्षात तिने माझा हात सोडला नाही. तिचा गच्चीवरचा योगवर्ग बंद. बायका रोज लिफ्टमध्ये विचारतात.

६ फेब्रु.
स्वयंपाकघरातून हॉलमध्ये व्हॉट्सॲप: "वर्ग तुम्ही घ्या ना. विन्यास आहे, एकातून दुसरं आसन, थांबायचं नाही. मी करून दाखवीन, तुम्ही फक्त बोला." जन्मभर शाळेत पी.टी. घेतली. म्हटलं, त्यात काय!

८ फेब्रु.
फजिती. शिट्टी घेऊन गेलो. एक-दोन, तीन-चार! दोन सूर्यनमस्कारांत सगळ्या धापा टाकायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पटेल भाभी ओरडल्या, "सर, साँस तो लेने दो!" वृंदा टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मी आणखी एक शिट्टी मारली.

९ फेब्रु.
माझी शिकवणी, हॉलमध्ये. श्वास आधी, हालचाल त्याच्या मागून. श्वास संपेल तेव्हाच हात खाली पोचायचा. मी आपला आकडेच मोजतोय. शेवटी कंटाळून तिने माझा तळहात स्वतःच्या पाठीवर ठेवला. बरगड्या फुगल्या की "घ्या", बसल्या की "सोडा". आधी घाबरलो, मग जमलं. किती शांत श्वास घेते ही. डोळे भरून आले. तिला सांगितलं, घाम आहे.

१३ फेब्रु.
जमलं!! ती पुढे वज्रासनात, मी मागे स्टुलावर, हात तिच्या पाठीवर. "घेत हात वर. सोडत खाली वाका. घेत मान उचला. सोडत पाय मागे." सगळी गच्ची एका लयीत. मध्येच तिला ठसका लागला. मी "सोडा" म्हणायचं थांबलो. कोणी हात खाली आणले नाहीत, तसेच वर धरून थांबल्या. भाभी म्हणाल्या, "आराम से, वृंदाबेन."

१९ फेब्रु.
डॉ.कडे. नस अजून हलत नाही. "काही महिने वाट पाहू." काही म्हणजे किती? विचारलं नाही, तिच्यासमोर कसं विचारणार. घरी येऊन डॉ.वर चिडलो, रिक्षावाल्यावर, कुकरवर. ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. ओरडेल म्हणून. तिने उचलून वाळत घातला. भांडायचंय मला तिच्याशी, पूर्वीसारखं, मोठमोठ्याने.

२२ फेब्रु.
वर्ग छान झाला. शेवटी शवासन, सगळ्या चिडीचूप. मी स्टूल उचलून जिन्याकडे निघालो, तर मागून काहीतरी. "अहो" असावं. शब्द नव्हता, नुसती हवा.
मी ओ दिली.