सगळं त्यात आलं, फक्त पेटा सोडून

किताले, १४ सप्टेंबर

आदरणीय एलिफाझदादांच्या सेवेशी,

धाकट्या जाफेथचा (निवृत्त मुख्याध्यापक, हे तुम्ही पाकिटावर लिहायला दरवेळी विसरता) वाकून नमस्कार. डावा गुडघा कसा आहे? उजव्याचं विचारत नाही, तो तुम्ही मागच्या पत्रात देवावर सोडला होतात. वहिनींचा खोकला उतरला असेल, लाल गाय व्याली असेल आणि कालवडच झाली असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन हातभर लांब धरून ओरडता, त्यामुळे तुमच्या घरची बातमी तुमच्याआधी चर्चच्या खजिनदाराला कळते. शिवाय ही बातमी फोनात मावणारी नाही.

दादा, ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही समुद्रावर जाऊन आलो. मोम्बासाच्या खाली, डियानीला, चार दिवस. आपल्या टेकडीवरून आजवर जे कोणी समुद्राकडे गेले ते नोकरीला नाहीतर फौजेत (आणि आपला आत्येभाऊ हेझ्रोन, जो पळून गेला होता, त्याला मी धरत नाही). नुसतं बसून खायला गेलेला पहिला माणूस तुमचा धाकटा भाऊ. हे तुम्ही रविवारी चर्च सुटल्यावर चारचौघांत सांगितलंत तर माझी हरकत नाही.

नेलं कुणी? मिनायोनं. माझ्या थोरल्या लेकीनं, तिच्या स्वतःच्या गाडीतून, स्वतः गाडी हाकत. म्हणजे तीच मिनायो, जी नवऱ्याचं घर सोडून दोन लेकरांना घेऊन परत आली, आणि जिच्याबद्दल तुम्ही तीन वर्षांपूर्वी काकांच्या मातीला भरमंडपात म्हणालात, "जिच्या घरात पेटा खाणारा पुरुष नाही, ते घर नव्हे, बसस्टँड." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती तेव्हा तुमच्याच मागे चहाची किटली घेऊन उभी होती. त्यानंतर तीन नाताळ झाले, तिनं तुमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही, आणि तिची लेकरं आपल्या भावंडांना फोटोवरून ओळखतात. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण तुम्ही थोरले. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की कोंबडीच्या पोटातला पेटा कर्त्या पुरुषाच्या ताटात, हा नियम मोडला की मागोमाग छप्पर येतं. असो.

तर या हॉटेलाला 'ऑल इन्क्लुसिव्ह' म्हणतात. म्हणजे सगळं त्यात आलं: खोली, जेवण, पेयं, समुद्र. आत शिरल्या शिरल्या मनगटाला हिरवा पट्टा बांधतात, तो दाखवला की खायला मिळतं (आपण गुरांना टोचून झाल्यावर कानात बिल्ला अडकवतो, तसलाच प्रकार, पण लोक आनंदानं हात पुढे करतात). पट्टा बांधून होतो न होतो तोच आमच्या सौ. दोरकानं टोपलीतून जिवंत कोंबडी काढली. मिनायोला पत्ताच नव्हता. नैरोबीला तिच्या गाडीत बसल्यापासून ती कोंबडी दोरकाच्या शालीखाली होती. आता कुणाच्या घरी चार दिवस राहायला जायचं ते रिकाम्या हातानं? दोरकानं दोन्ही हातांत कोंबडी धरून विचारलं, "घरमालकीण कुठे आहे?" काउंटरवरच्या मुलीनं मॅनेजरला बोलावलं. मुरिमी नावाचा न्येरीकडचा तरुण. त्यानं कोंबडीकडे बघितलं, दोरकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तो शहाणा निघाला. कोंबडीच्या पायाला ११४ नंबरची चिठ्ठी बांधून त्यानं तिला सामानाच्या खोलीत ठेवलं आणि रीतसर पावती दिली. मिनायो खांबाआड जाऊन उभी राहिली होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

निघताना अभिप्रायाचा कागद देतात, त्यावर पाच तारे छापलेले असतात, रंगवा म्हणतात. मी तारे देत नाही, गुण देतो. समुद्राला ८२ (दिवसातून दोनदा लांब निघून जातो, पण वेळेवर परत येतो). नारळातल्या भाताला ७८. करमणुकीला ३५, कारण भल्याभल्या माणसांना काठीखालून पाठ मोडून जायला लावतात आणि वर टाळ्या वाजवतात. दोरका दोनदा गेली. मी गेलो नाही. मी चारही दिवस कोट आणि टाय घातला होता, कारण मागे समुद्र आहे म्हणून पुढे उघडा मुख्याध्यापक असावा असं कुठे लिहिलेलं नाही. याचा परिणाम असा झाला की पहिल्याच सकाळी एक लालबुंद जर्मन गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले, खोलीत शिरून माकडानं साखर पळवली म्हणून. मी म्हटलं, खिडकी लावत जा. दुपारपर्यंत माझ्यापुढे रांग लागली. गरम पाणी, उशा, शेजारच्यांचं घोरणं, सगळे निकाल मी तिथल्या तिथे लावले. शेवटी मुरिमी येऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आणखी आठवडाभर राहाल का?" (तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो. मग लोकांनी मॅनेजर ओळखावा कसा?)

राहिलं जेवण. दादा, तीन दिवस, रोज दोन वेळा, कोंबडी. भाजलेली, तळलेली, नारळात बुडवलेली. तंगड्या, पंख, छाती. मी प्रत्येक झाकण उचलून आत डोकावलो. पेटा नाही! पहिल्या दिवशी वाटलं, दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्याला वाढला असेल. दुसऱ्या दिवशी मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "या कोंबड्यांना पोटं नव्हती का?" तिनं मला पोटदुखीची गोळी आणून दिली. तिसऱ्या दिवशी मी ताट पुढे सारलं आणि जाहीर केलं की ज्या घरात तीन दिवस कोंबडी शिजते आणि कर्त्यापुढे पेटा येत नाही, त्या घरात माझा अपमान झालेला आहे. दोरका म्हणाली, "अहो, हळू. लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत. मिनायो उठली आणि आत गेली.

ती थेट स्वयंपाकघरात गेली होती. पाच मिनिटांत तिथला मुख्य आचारी बाहेर आला, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी.

"पेटा कोण मागतंय?"

"मी. का?"

"मुलूख कुठला म्हणायचा?"

"विहिगा."

त्यानं टोपी काढली. "मी शेम इंगोसी. कैमोसीचा. सर, लाज वाटते सांगायला, इथं कोंबड्या गाडीतून येतात, सोलून, आतून धुऊन. पेटे कुठं जातात देव जाणे. पण एकशे चौदा नंबरची अजून जिवंत आहे ना?"

देशातल्या निम्म्या हॉटेलांच्या चुलीपुढे आपलीच माणसं उभी आहेत हे ठाऊक असून मी तीन दिवस बाहेर भांडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चौथ्या दिवशी, ऊन कलायच्या आत, शेमनं आपल्या पद्धतीनं केलेली कोंबडी आणली. मक्याची उगाली, पालेभाजी, आणि वेगळ्या बशीत पेटा. आजूबाजूचे जर्मनसुद्धा वळून बघायला लागले. मी टाय सरळ केला. पण तिथला एक नियम आहे दादा: वेगळं काही मागवलं की चिठ्ठी फाडतात, आणि चिठ्ठीवरचं नाव वाचूनच ताट ठेवावं लागतं. शेमनं वाचलं, "कुटुंबप्रमुख," आणि तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठीकडे बघितलं. मग बशी मिनायोपुढे ठेवली (खोल्या तिनं घेतलेल्या, म्हणून चिठ्ठीवर नाव तिचं) आणि खाली मान घालून उभा राहिला.

मिनायोनं बशी माझ्याकडे सरकवली. "चिठ्ठीत चूक झालीय. बाबा, घ्या, तुमचाच आहे."

आता मी अडतीस वर्षं चुका शोधण्याचं काम केलेलं आहे. चूक असती तर मला दिसली असती. मी बघत बसलो. चार दिवसांत ही मुलगी एकदाही पाण्यात उतरली नव्हती. लेकरांना पोहताना बघायला काठावर ती, माझ्यासाठी बिनमिठाची भाजी मागून आणायला ती, दोरकाच्या चपला हातात घेऊन वाळूतून मागे मागे चालणारी ती, आणि सगळ्यांची पोटं भरल्यावर गार ताटावर बसणारी पण तीच. घरी असताना बाप सांगायचा आणि बाकीचे करायचे, म्हणून मी कर्ता. इथे सांगत कुणीच नव्हतं आणि सगळं होत होतं. बसस्टँड म्हणालात ना? असेल. पण त्या स्टँडवरची एकही गाडी उशिरा सुटली नाही.

मी बशी परत तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "चिठ्ठी बरोबर आहे. खा."

"बाबा, मी कधी खाल्ला नाही."

"म्हणूनच."

तिनं तोंडात टाकला. चावला. बराच वेळ चावला. सगळे बघत होते, शेम तर श्वास रोखून. शेवटी गिळला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी? याच्यापेक्षा माझ्या गाडीचं टायर मऊ असेल!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पेटा चिवट होता म्हणून, असं ती सांगते. शाळेचा निकाल जिल्ह्यात पहिला आला होता तेव्हा माझी छाती फुगली होती हे तुम्हाला आठवत असेल (तुम्हीच कोटाचं बटण शोधून दिलं होतंत). त्या दिवशी त्याहून जास्त फुगली. जेवणाला मी शंभरपैकी शंभर दिले. मी आजवर कुणालाही शंभर दिलेले नाहीत.

छप्पर अजून जागेवर आहे. मी परत आल्यावर शिडी लावून बघितलं.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर धाकटा म्हणून पोटात घाला.

तुमचा आज्ञाधारक,
जाफेथ अगुफाना (निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. या नाताळाला मिनायोला तुम्ही स्वतः बोलवा. माझ्यामार्फत नको, तुमच्या तोंडानं. तिच्यासाठी वेगळी कोंबडी कापू, म्हणजे तुमच्या ताटातला पेटा तुमच्याकडेच राहील आणि तिचा तिला मिळेल. कोंबडी मी आणतो.

ता. क. २. बोलावणार नसाल तर मीही येणार नाही. 'आज्ञाधारक' वर लिहिलंय ते सवयीनं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी दोरकानं पत्र वाचलं. शेमनं आणलेला पेटा मला घरच्यापेक्षा फारच मोठा दिसला होता, ते मी सहज तिला म्हटलं, तर ती जमिनीवर बसून हसायला लागली. म्हणते, पेटा साफ करताना मधोमध चिरला की त्याचे दोन होतात. एक ताटात जातो. दुसरा ती चुलीपाशी उभी राहून खाते, चव बघायला, गेली एकेचाळीस वर्षं. हे तिला तुमच्याच स्वयंपाकघरात लग्नाच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी शिकवलं. तेव्हा दादा, दुसऱ्या कोंबडीची गरज नाही. आपल्या घरात बायका पेटा खातातच. यंदा एकीला पानात वाढू, एवढंच.