बॅटरीवाल्याच्या प्लॉटचा महाआराखडा

२ जानेवारी
संकल्प: कॉलनीमागचा जुन्या बॅटरी कारखान्याचा प्लॉट शुद्ध करणे. मातीत शिसं आहे, रिपोर्ट आला. नात अवनी आणि इतर पोरं तिथेच खेळतात. रेल्वेत पस्तीस वर्षं प्लॅनिंग केलं, त्यापुढे हे काहीच नाही. सुरेखा म्हणाली, अहो, आधी कुंपण घाला. हिला व्हिजन नाही.

९ जानेवारी
आराखडा तयार. टप्पा एक: मोहरी लावायची, ती शिसं शोषते. टप्पा दोन: माती झाकणे. टप्पा तीन: मुलांचं मैदान. नाव वासुदेव उद्यान. माझंच, पण लोकाग्रहास्तव. (लोकांना अजून कळवायचंय.)

२० जानेवारी
महापालिका कार्यालयातले साहेब भला माणूस. पार्किंगसाठीही अर्ज आलाय. तुम्ही दिवस कळवा, जागेवर आराखडा बघून ठरवतो, म्हणाले. लगेच लेखी कळवलं: फाल्गुन कृष्ण तृतीया, सकाळी अकरा, भूमिपूजनासह. तिथीनं शिवजयंती! पंचांग खास पुण्याहून मागवलेलं. सुरेखा म्हणाली, तारीखही टाका. मी म्हटलं, काशीत तिथी न कळणारा माणूस दाखव.

४ फेब्रुवारी, दुपारी
फोन बंद ठेवून सकाळभर नकाशा रंगवला. मोहरी पिवळी, मैदान हिरवं. अजून महिना आहे. कुंपण राहिलंय, पण थंडी फार.

२४ फेब्रुवारी
भाषण पूर्ण. नऊ पानं. बी आणायचं राहिलं.
यज्ञेश्वर गुरुजींना पूजेचं सांगितलं. तिथी पुण्याची की इथली, असं विचारत होते. म्हटलं, गुरुजी, तिथी ती तिथी.

६ मार्च
फेटा बांधून अकराला हजर. प्लॉटवर रोडरोलर.
साहेबांना फोन केला. शांतपणे म्हणाले, "फागुन कृष्ण तृतीया तो चार फरवरी को थी। हम घंटा भर खड़े रहे, आपका फ़ोन बंद था।" कोणी आलं नाही म्हणून जागा पार्किंगला दिली.
गुरुजींनी समजावलं: इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून इथला फाल्गुन कृष्ण पक्ष महिनाभर आधी येतो. म्हणजे अख्खं बनारस चुकलं.

१२ मार्च
डांबर पडलं. तत्त्वतः माती झाकली गेली, म्हणजे टप्पा दोन वेळेआधीच पार. सुरेखाला हे ऐकवलं. तिनं फक्त विचारलं, "आणि टप्पा तीन?"
संध्याकाळी अवनी चप्पल घालून निघाली. मी ओरडलो, "तिथे जाऊ नकोस, गाड्या असतात."
मग लक्षात आलं, तिथे जाऊ नकोस हे मी तिला आज पहिल्यांदाच सांगितलं. फार लाज वाटली.